बारा मिनिटं पुढे

वेळेचं नियोजन कसं करावं हे शिकवायला आलेले गृहस्थ ३५ मिनिटं उशिरा आले.

महिला दिनाचा कार्यक्रम होता. आमच्या ऑफिसात महिला दिन दर वर्षी संध्याकाळी सव्वापाचनंतर साजरा होतो, कारण त्याआधी महिलांना काम असतं. परिपत्रकात 'सर्व महिला कर्मचाऱ्यांची उपस्थिती आवश्यक' असं ठळक अक्षरात छापलं होतं. पुरुष मंडळी आमच्याकडे सहानुभूतीने बघत लिफ्टकडे गेली. आम्हाला प्रत्येकी एक गुलाब, एक सामोसा आणि एक कोरी वही मिळाली. ६.०४ची लोकल पकडणाऱ्या सगळ्याजणी दाराजवळच्या खुर्च्यांवर पर्स खांद्याला लावूनच अर्ध्या टेकल्या होत्या.

गृहस्थ आले, ट्रॅफिकवर हसले आणि म्हणाले, "वेळ म्हणजे पैसा."

"मग आमचे पस्तीस मिनिटांचे द्या आधी," शेजारची टपाल विभागातली मैत्रीण पुटपुटली.

त्यांनी एक आकडा मात्र कामाचा दाखवला. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. मी वहीच्या पहिल्या पानावर भागाकार केला. २९९ म्हणजे ४ तास ५९ मिनिटं, पाच तासांना एक मिनिट कमी. ते एक मिनिट कुठल्या बाईने वाचवलं आणि कशात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. चहा न गाळता प्यायली असेल. ९७चा आकडाही सगळ्या पुरुषांचा नाही बरं का. जे हात लावतात त्यांचीच ती सरासरी, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस. उरलेले चौऱ्याहत्तर कुठे असतात, असं सभेत कुणी विचारलं नाही. ते लिफ्टमधून केव्हाच खाली गेले होते.

मग आला टोमॅटो. इटलीत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ समोर ठेवून अभ्यास केला. २५ मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ही पोमोदोरो पद्धत. आता आपली घटका २४ मिनिटांची. बुडाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात तरंगत ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली. लग्नाचे मुहूर्त यावरच साधले जात. फरक काय तो एका मिनिटाचा, त्यासाठी इटलीपर्यंत जायचं कारण नव्हतं. हां, एवढं खरं की आपल्याकडे घटका भरली की माणूस आटोपतो, आणि त्यांच्याकडे पाच मिनिटांची सुट्टी मिळते.

माझ्या घरात मात्र टोमॅटोही चालत नाही आणि घटकाही. तिथे वेळ शिट्ट्यांत मोजतात. वरण-भाताला तीन, राजम्याला सात. "दोन शिट्ट्यांत आंघोळ उरक" असं मी लेकीला सांगते आणि तिला ते कळतं. अडचण एवढीच की शिट्ट्या मोजायचं काम एकाच डोक्याकडे आहे. ते डोकं साबण लावून न्हाणीघरात असलं की सगळा हिशेब बिघडतो. मी आतून ओरडते, "किती झाल्या?" सासूबाई म्हणतात दोन, लेक म्हणते चार, नवरा पेपरातून म्हणतो, "झाल्या असतील तीन." 'असतील'वर डाळ शिजत नाही.

शेवटी पडद्यावर चार चौकोन आले, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावाने ओळखले जाणारे. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही. "आपापली कामं यात भरा," गृहस्थ म्हणाले. पहिला चौकोन तिघांच्या डब्यांनीच भरला. दुसऱ्यात मी दाढेची कॅप लिहिली. ती गेली चार वर्षं त्याच चौकोनात आहे. एका रात्री स्वतःच्या पायांनी पहिल्या चौकोनात येईल, तेव्हा बघू. तिसऱ्या चौकोनातली कामं म्हणे दुसऱ्यावर सोपवायची. तेही मी करून पाहिलेलं आहे. गॅसचा नंबर लावायचं काम नवऱ्यावर सोपवलं होतं. त्याने ते चोख केलं आणि पुढचे चार दिवस नंबर आपण लावल्याचं आईला, फोनवरून बहिणीला आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं. सिलिंडर आला तेव्हा अभिनंदन स्वीकारायला तेवढा घरी थांबला नाही, दार मीच उघडलं.

चौथ्या चौकोनात काय लिहायचं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात घड्याळात ६.०५ झाले.

जाताना गृहपाठ मिळाला. आठवडाभर दर पंधरा मिनिटांनी काय केलं ते वहीत लिहायचं, म्हणजे वेळ कुठे गळतो ते कळेल. मी आज्ञाधारक. मंगळवारी पहाटे ५.१०ला उठले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. रकान्यात एका कामापुरती जागा, आणि मी दूध तापत ठेवलं होतं, कणीक मळत होते, नळाला पाणी आलं म्हणून पिंपात नळी सोडली होती आणि लेकीला पहिली हाक मारली होती. हाकांचंही आमच्याकडे वेळापत्रक आहे. पहिली हाक नुसती कळवण्यापुरती. तिसऱ्या हाकेत लाडाचं नाव गळतं. पाचवीला वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं, तेव्हा पांघरूण हलतं.

दूध हा तर स्वतंत्र विषय आहे. भांड्यासमोर उभं राहिलं की ते दहा मिनिटं ढिम्म असतं, साय धरून, जणू गॅस पेटलेलाच नाही. ते आपल्या पाठीकडे बघत असतं. नळी पिंपातून काढायला म्हणून मी वळले, तीन पावलं गेले, आणि मागे तो विशिष्ट फस्स आवाज. मग ओटा पुसणं आलं, बर्नर काढून भोकं टाचणीने साफ करणं आलं. वहीत कुठल्या रकान्यात लिहू? 'दूध उतू गेले' हे काम आहे की घटना? मी 'इतर' असं लिहिलं. आठवड्याच्या शेवटी पाहिलं, तर माझं निम्मं आयुष्य 'इतर'मध्ये होतं.

ओढणीला पिन लावत जिना उतरायचा, ७.४८ची फास्ट गाठायची. मुंबईबाहेरच्या पाहुण्यांना आमची ही भाषा कळत नाही. त्यांच्याकडे पावणेआठ असतात, आठ असतात. आमच्या डोंबिवलीत सात अठ्ठेचाळीस ही वेळ नाही, ते नाव आहे. "आज अठ्ठेचाळीस गेली," असं आम्ही जवळचं माणूस गेल्यासारखं सांगतो. पश्चिम रेल्वेने १९९२मध्ये चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली, तेव्हा मी शाळेत होते आणि स्पेशल म्हणजे तीत बसायला मिळत असेल, अशी माझी समजूत होती. आता मध्य रेल्वेच्या साध्या लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली, तीही अर्धी, तरी दिवस चांगला जातो. आत शिरल्याशिरल्या बसलेलीला विचारायचं, "कुठे?" ती म्हणाली "घाटकोपर", की ती सीट घाटकोपरपासून आपली. नोंद नाही, पावती नाही. उतरणारी मागे वळून आपल्याला डोळ्यांनी खूण करते आणि मगच उठते. एवढा चोख कारभार मी आमच्या ऑफिसात पाहिलेला नाही.

काम सोपवणं म्हणजे काय हेही त्याच डब्यात शिकावं. गेल्या थंडीत परतीच्या गाडीत एकीने कुर्ल्याला पिशवीतून दोन किलो मटार काढले आणि कुणाला काही न विचारता आजूबाजूच्या पाचजणींच्या मांडीवर एकेक ओंजळ ठेवली. त्यातल्या दोघी तिच्या ओळखीच्याही नव्हत्या. ठाण्याच्या आत दाणे डब्यात, सालं पिशवीत, आणि मधल्या वेळात एकीच्या नणंदेच्या घटस्फोटावर सर्वांगीण चर्चा. तेव्हा माझ्याकडे ही वही नव्हती, पण असती तरी त्या पंधरा मिनिटांच्या रकान्याला वेगळी वही लागली असती.

ऑफिसच्या दारात बोटाचं मशीन आहे. महिन्यात तीन लेट मार्क झाले की एक सीएल जाते. मशीन माझा अंगठा अधूनमधून नाकारतं. मंगळवारी नखाच्या कडेला कणीक वाळलेली होती. पुसून पुन्हा लावला, पुन्हा लाल दिवा. तिसऱ्यांदा लावून हिरवा दिवा लागेपर्यंत तीन मिनिटं गेली आणि महिन्यातला पहिला लेट मार्क लागला. संध्याकाळी हे मी घरी सांगत होते, तर भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमचा घेतो तरी ताई. माझा रेशनवाला मशिनीवर घेतच नाही. रेघाच गेल्यात." आणि त्यांनी तळहात पुढे केला. अंगठा खरंच गुळगुळीत होता, पाट्यावरच्या वरवंट्यासारखा. रेशनसाठी दोनदा अर्धा दिवस बुडवून त्या परत आल्या होत्या.

मावशी सहा घरं करतात. मनगटावर घड्याळ नाही, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कनवटीला. आमच्याकडे सकाळी ६.३५ला येतात. पहिल्या घरचं पाणी जायच्या आत तिथली भांडी, आमच्याकडचे डबे निघायच्या आत आमची, तिसऱ्या घरचे आजोबा फिरून यायच्या आत तिथला केर. संध्याकाळी उलटी फेरी. मी वही भरताना दिसले की त्या थांबून बघत. "काय लिवता रोज?"

"वेळ कुठे जातो ते."

"लिवायला किती वेळ जातो?"

मी हिशेब केला. दिवसाला साधारण पंधरा मिनिटं.

"तेवढ्यात माझी एका घरची भांडी होतात," म्हणाल्या आणि कढई घासायला लागल्या. कार्यशाळेचा हा अभिप्राय मी आयोजकांना कळवलेला नाही.

आता आमच्या घड्याळांबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा प्रकार त्यांच्यामुळे घडला. हॉलमधलं घड्याळ १२ मिनिटं पुढे आहे, स्वयंपाकघरातलं सात, निजण्याच्या खोलीतलं गजराचं तब्बल वीस. न्हाणीघरात घड्याळ नाही, आणि लेकीचा तिथला मुक्काम पाहता तिला ते फार सोयीचं पडलेलं दिसतं. मोबाइलवर बरोबर वेळ असते, पण बरोबर वेळेचा धाक वाटत नाही. हॉलमध्ये ७.३७ दिसले की पोटात गोळा येतो, मग बारा वजा करायचे, ७.२५ झालेत हे कळून जीव भांड्यात पडतो, आणि त्या गोळ्याच्या जोरावर निघायचं. ही दोन सेकंदांची घबराट हेच आमचं इंधन. कुणाला हा वेडेपणा वाटेल, पण मुंबईला याची सवय आहे. १९०६मध्ये देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली, तरी या शहराने आपला ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत सोडला नव्हता. एका शहरात पन्नास वर्षं दोन वेळा नांदल्या, मग तीन खोल्यांत तीन नांदल्या तर काय बिघडलं? घरातली खरी वेळ फक्त सासूबाईंच्या रेडिओत असते. पुणे केंद्राच्या ७.०५च्या बातम्या आमच्या हॉलमध्ये ७.१७ला लागतात, आणि त्या तिथे तशाच लागतात अशी सासूबाईंची श्रद्धा आहे.

रविवारी मी भाजी आणायला गेले असताना नवऱ्याने माझी वही वाचली. माणूस मनाने चांगला. '९७ मिनिटां'चा आकडा त्याला लागला असावा. आपणही काही करावं म्हणून तो स्टुलावर चढला, घड्याळांच्या काचा पुसल्या, स्वयंपाकघरातल्या घड्याळाला नवे सेल घातले आणि मोबाइल हातात धरून तिन्ही घड्याळं सेकंदावर बरोबर लावली. मला सांगितलं नाही. सरप्राइज होतं.

सोमवारी सकाळी सगळं जग लवकर निघालं होतं. हॉलमध्ये ६.३५ला मावशी दारात. "आज लवकर, मावशी?" मी विचारलं. "माझ्या टायमालाच आले, ताई," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सोमवार आहे, चुकल्या असतील. मग लेक खाली गेली आणि तीन मिनिटांत परत आली. बस निघून गेली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून बसच्या ड्रायव्हरला नावं ठेवली, माणसाने वेळेच्या आधी जाऊ नये वगैरे. नवऱ्याने डोळे चोळत स्कूटरची किल्ली घेतली. बस कितीची असते हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं; ते आईला माहीत असतं. थोड्या वेळाने आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज बातम्या लवकर लागल्या."

इतका स्पष्ट इशारा मिळूनही मी हसले. घड्याळात ७.०५ दिसत होते, म्हणजे बारा वजा जाता ६.५३. हातात चांगला अर्धा तास होता. एवढा वेळ आला कुठून? मला वाटलं, वहीचा गुण आला. गृहस्थ बोलले ते खरं होतं, मी उगीच त्यांची चेष्टा केली. मी चहा गाळला, कपात ओतला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी बसून प्यायले. बशीत दोन बिस्किटंही घेतली. एक बुडवताना तुटलं, ते चमच्याने काढण्याइतका निवांतपणा होता.

घड्याळात ७.३७ झाले तेव्हा रोजच्यासारखी निघाले. स्टेशन अठरा मिनिटांवर. पुलावर पोचले तर आमच्या डब्याच्या जागी आमचं कुणीच नव्हतं. नेहमीचे चेहरे नाहीत, त्यांची नेहमीची भांडणंही नाहीत. इंडिकेटर बघून मी शेजारच्या मुलीला विचारलं, "अठ्ठेचाळीस आली नाही का अजून?" तिने माझ्याकडे कणवेने पाहिलं. "गेली ना, काकू."

पुढच्या गाडीत चढायलाच मिळालं नाही, त्यापुढच्या गाडीत दारात उभी राहिले. ऑफिसात अंगठा पहिल्या फटक्यात लागला. उशीर झाला की तो बरोबर लागतो. महिन्यातला तिसरा लेट मार्क. सीएल गेली.

संध्याकाळी दार उघडून नवऱ्याने हसत विचारलं, "काय मग, आज किती वेळ वाचला?"

मी काही बोलले नाही. पर्स ठेवली, घड्याळाकडे बघितलं, मग मोबाइलकडे, मग त्याच्याकडे. तो खरोखर शहाणा माणूस आहे. निमूटपणे स्टूल आणलं. "किती करू?" एवढंच विचारलं.

"बारा. आणि आतलं सात."

"बेडरूममधलं?"

"त्याला पंचवीस कर."

वहीची मागची पानं कोरी होती, त्यात आता दुधाचा हिशेब आहे. पंधरा मिनिटांचा रकाना अर्ध्या लिटरला अगदी बेताचा होतो. सासूबाईंच्या बातम्या पुन्हा ७.१७ला लागतात, त्यामुळे आकाशवाणीचा कारभार सुधारला असं त्या शेजारी सांगतात.

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना एकच विनंती आहे. "तुमचं घड्याळ पुढे आहे हं," असं चहा घेता घेता प्रत्येक जण सांगतो. आम्हाला माहीत आहे. कृपया स्टुलावर चढू नये.